उष्टी हळद आणि माझे हात

माझ्या लग्नात मेंदी काढली ती मावसबहिणीने. ती रत्नागिरीला पार्लरचा कोर्स करत होती आणि लग्नाच्या आधीच पूर्णगडला आमच्याकडे येऊन राहिली होती. मला काळी मेंदी हवी होती, मोबाईलवर पाहिलेली, कोपरापर्यंत जाळीदार, काढल्याबरोबर गडद दिसणारी. तिने बाजारातून तसले कोन आणले. आई म्हणाली, "परड्यात झाड आहे की गो, पाला वाटून देते." आम्ही दोघी हसलो.

संध्याकाळी हातांना खाज सुटली. सकाळी उठले तर हात माझे वाटेनात. जिथे जिथे नक्षी होती तिथे कातडी फुगून वर आली होती. पानांच्या आकाराचे, कोयऱ्यांच्या आकाराचे फोड. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, मलम दिलं. मेंदीतल्या रसायनामुळे झालंय, हळूहळू जाईल, म्हणाले. पण लग्न दुसऱ्या दिवशी होतं, आणि हात असे सुजले त्याच सकाळी लांज्याहून नवऱ्यामुलाकडच्या बायका उष्टी हळद घेऊन यायच्या होत्या. त्याला लावून उरलेली हळद नवरीला लावायची, ही आमच्याकडची रीत.

"हात पदराखाली ठेव," आई म्हणाली. मी तशी पाटावर बसले.

आलेल्या बायकांत माझ्या होणाऱ्या सासूबाई होत्या आणि पुढे होती नवऱ्याची आत्या. आत्याने आंब्याचं पान हळदीत बुडवलं, पायांना लावलं, गुडघ्यांना, खांद्यांना, गालांना. मग म्हणाली, "हात दे गो बाय." मी दिला नाही. मी लाजतेय असं समजून ती हसली आणि तिने पदर बाजूला केला.

पान तिच्या हातात तसंच राहिलं. मांडवातला स्पीकर वाजतच होता.

"हे काय?"

"मेंदी उठलीय हो, रिअॅक्शन आलीय," मावसबहीण घाईघाईने म्हणाली. मागे उभ्या असलेल्या एका बाईने मला लावायला घेतलेली हळद परत वाटीत टाकली आणि बोटं पुसली. कोणीतरी हळूच म्हणालं, "अंगावर पण असेल." खाली घातलेली मान मला वर करता येईना.

आत्या आईला माजघरात घेऊन गेली. मलाही बोलावलं. सासूबाई मागोमाग आल्या.

"विहीणबाई, वाईट वाटून घेऊ नका," आत्या म्हणाली. "उद्या काही निघालं तर लोक आम्हाला विचारतील. एकदा बघून घेऊ दे."

जेटीवर मासळीच्या भावावरून बाप्यांशी भांडणारी माझी आई. मला वाटलं, आता ही यांना दारापर्यंत पोचवते. आईने दार लावलं, ते आतून.

"दाखव गो त्यांना."

माझी बोटं वाकत नव्हती. ब्लाउजचे हुक आईनेच काढले. हळदीने ओली झालेली मी भिंतीशी उभी राहिले आणि आत्याने मोबाईलची बॅटरी लावून माझी पाठ बघितली, पोट बघितलं, साडी वर करून गुडघ्यांच्या मागे बघितलं. सासूबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. आणि आई म्हणत होती, "बघा हं, नीट बघून घ्या." तो मिनतवारीचा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. अंग उघडं पडल्यापेक्षा त्या आवाजाची मला जास्त लाज वाटली.

"नाही हो. पोर चांगली आहे," आत्या म्हणाली आणि बॅटरी बंद केली. मग सगळ्या बाहेर जाऊन जेवायला बसल्या.

लग्नात हिरवा चुडा सुजलेल्या हातांवरून चढेना. कासारणीने कसाबसा एकेक बिल्वर घातला. हातात हात द्यायच्या वेळी नवऱ्याने मला कोपराच्या वर धरलं. "दुखतंय का?" त्याने विचारलं. मी वर बघितलं नाही. मला वाटत होतं, याला सगळं सांगितलं असणार, काय काय बघितलं तेही.

त्याला काहीच माहीत नव्हतं. हातांची साल निघून नवी कातडी आली, त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी मीच सांगितलं. मग त्याने एवढंच विचारलं, "माझी आई होती तिथे?"

"होती."

तो आईशी काय बोलला मला माहीत नाही. पण पुढे कितीतरी दिवस सासूबाई माझ्याशी बोलताना भांड्यांकडे बघून बोलत. एकदा माझ्या ताटात स्वतःच्या वाटणीची माशाची तळलेली तुकडी ठेवून त्या उठून गेल्या. मी ती खाल्ली.

आईला विचारायला मात्र मला फार वेळ लागला. माहेरी गेले होते, ती कोलंबी सोलत बसली होती. मी म्हटलं, "तू त्यांना 'नाही' का म्हणाली नाहीस?"

"मांडवातून माणसं परत गेली असती तर?" ती म्हणाली. तिने आणखी दोन-चार कोलंब्या सोलल्या. "हुक काढताना माझे हात थरथरत होते. तुला कळलं नाही?"

मला कळलं नव्हतं. मी समजत होते की मीच थरथरतेय.