एकोणतीसच्या पाढ्याचा फोटो

आमच्या यांना सगळं मानवत भित्रं म्हणायचं, अन् ते खोटं न्हाई. काशीनाथ फोटोवाले पालीला भ्यायचे, कुत्र्याला भ्यायचे, मोठ्यानं बोलणाऱ्या गिऱ्हाइकाला तर लयच भ्यायचे. रातच्याला मांजरानं भांडं पाडलं की मला हलवून म्हणायचे, "विमल, बघ गं जरा." म्हणजे मी बघायचं! मी पाथरीकडच्या शेतकऱ्याची लेक, इंचू-काट्यात वाढलेली. मी हातात लाकूड घेऊन उठायची अन् हे गोधडीतून विचारायचे, "काय होतं गं?" भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय.

पण खरं सांगू का, त्या घरात जीव मुठीत धरून राहायची ती मी. मांजराला न्हाई, यांच्या कॅमेऱ्याला भिऊन. लग्नाला दोन वर्षं झाली न्हाईत तोच माझ्या मनानं घेतलं होतं, की हा गाईवानी गरीब माणूस एक दिवस फोटोपायी माझा जीव घेणार.

दुकान बाजारात होतं. शाळेच्या फॉर्माचे फोटो, साखरपुडे, लग्नं, त्याच्यावर पोट चालायचं. जीव मात्र देखाव्यावर. डोंगर, नदी, जुनी देवळं. रविवार आला की कॅमेरा, तीन पायांचं स्टँड अन् मी, असं लटांबर घेऊन निघायचे. मी कशाला? तर म्हणायचे, "शेजारी माणूस उभं नसलं तर फोटोत देऊळ काड्याच्या पेटीएवढं दिसतं. उंची माणसावरून कळती." आता माणूस कुठून आणायचं? घरचं होतंच फुकटचं.

येलदरीच्या धरणावर मला कठड्यापाशी उभं केलं. खाली पाणी घुमायलं होतं. हे लांबून म्हणतात, "आणखी जरा मागं." एका बारवेत शेवाळलेल्या पायरीवर उभं केलं अन् वरून हाळी, "एक पाऊल मागं, विमल." एक पाऊल मागं काय हाय, ते यांना काचेतून दिसत नव्हतं का? दिसत होतं की. पण डोळ्याला काच लागली की या माणसाची भीती कुठं पळायची देव जाणे. मला वाटतं ती माझ्याकडंच यायची. माझी माझी होतीच, वर यांनी टाकलेली.

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला अन् गावोगाव दलितांची घरं जाळली लोकांनी, तवा एक पेपरवाला फोटो काढून द्या म्हणून आला. यांनी कॅमेरा धोतरात गुंडाळून माळ्यावर टाकला, दुकानाच्या फळ्या लावल्या अन् तापाचं सोंग घेऊन पडले. मी म्हणाले, "अवो, इतकं भ्यायचं?" तर म्हणाले, "माणसं हलतात विमल. दगड हलत न्हाईत." मला लाज वाटली त्या बोलण्याची. तोंडावर बोलूनबी दाखवलं.

हे हलणं-न हलणं म्हणजे यांचा सगळा शास्त्राचा भाग. आमचे सासरे अनंतराव मास्तर. त्यांनी छडीनं पाढे घोटून घेतलेले. ते यांच्या अंगात इतके मुरले की हे घड्याळ न बघता पाढ्यावर फोटो काढायचे. उजेड कमी असला की कॅमेऱ्याचा डोळा जास्ती वख्त उघडा ठेवावा लागतो. किती वख्त, त्याचा अंदाजा पाढ्यात. झाडाखाली बेचा पाढा. दिवेलागणीला बाराचा. अन् गाभाऱ्यात, जिथं आपलाच हात आपल्याला दिसत न्हाई, तिथं एकोणतीसचा. म्हणायचे, "बेचा पाढा पळतो. एकोणतीसचा जपून चालतो, म्हणून पुरतो." दुसऱ्याची जीभ तिथं लटपटती. यांची कधी लटपटली न्हाई.

एकदा माडीवरून दिवेलागणीच्या बाजाराचा फोटो काढला. बाजारात मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती. फोटो धुऊन बघतो तर बाजार रिकामा! दुकानं हायेत, कंदील हायेत, माणूस एक न्हाई. कोपऱ्यात एकटी दगडाबाई भाजीवाली बसलेली. सासूबाईंची तर बोबडीच वळली. "गावावर काहीतरी संकट येणार," म्हणून देवाला नारळ कबूल केला. हे हसले. "अगं आई, पाढा चालू होता तवर सगळी चालत होती. जे हललं ते फोटोतून गेलं. दगडाबाई गिऱ्हाईक आलं तरी हलत न्हाई, ती राहिली." सासूबाईंनी नारळ फोडलाच, ती गोष्ट वेगळी. मला मात्र तवापासून कळलं, की यांच्या फोटोत राहायचं तर दगड व्हायचं.

चौऱ्याऐंशी सालची होळी होऊन गेली होती. हे म्हणाले, चारठाण्याला जाऊ. तिथं यांची मावशी राहायची, बायनाबाई. आमी एसटीनं गेलो, मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी नामांतरासाठी बंद पुकारलेला. गाड्या बंद, दुकानं बंद, माणसं घरात. हे खूश. "आज देवळात कुणी मधी येणार न्हाई." मला नेमकं तेच नको होतं. हाक मारली तर ओ द्यायला कुणी नसणार.

निघताना मावशी म्हणाल्या, "पाय वाजवत जा गं पोरी. ऊन तापाया लागलं की लांबडं गारव्याला येतंय." लांबडं म्हणजे काय ते कळलंच असंल. आमच्याकडं त्याचं नाव घेत न्हाईत. घेतलं की येतं म्हणतात.

गावाबाहेर एक मोडकं देऊळ. आत वटवाघळांचा वास, पायाखाली गार दगड. चपला बाहेर काढलेल्या. यांनी बाहेर दारासमोर एक पांढरं धोतर झुडपावर ताणून बांधलं. त्याच्यावर ऊन पडलं की उजेड तिथून परतून आत जायचा, थेट गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत. आहे त्या उजेडाला घरात बोलवायची ही यांची रीत. मला त्या उंबऱ्याजवळच्या खांबापाशी उभं केलं, स्वतः अलीकडं मंडपात स्टँड रोवलं.

"विमल, त्या खांबावरच्या फुलाकडं बघ. खाली बघू नको. मान बिलकुल हलू देऊ नको."

"लवकर आटपा. मला इथं बरं वाटत न्हाई."

"एक पाढा," हे म्हणाले. कॅमेऱ्याचा डोळा उघडायची तार दाबली. कट्ट वाजलं.

"एकोणतीस एके एकोणतीस." आवाज शांत, शाळेतल्यासारखा. मी फुलाकडं बघायले.

"एकोणतीस दुणे अठ्ठावन्न." डावीकडं दगडाच्या फटीत काहीतरी सरसरलं. वटवाघूळ असंल, मी मनाला सांगितलं. वटवाघूळ भुईवरून सरपटत कशाला येईल, मन म्हणालं.

"एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी." अन् माझ्या उजव्या पायावर गार पडलं. माय माय! गार अन् जड, अन् ते सरकायलं होतं. घोट्यावरून बोटांकडं, सावकाश. मान न हलवता डोळे खाली नेले. काळं, चकाकणारं, मनगटाएवढं.

"त्रिक सत्त्याऐंशी," हे पुन्हा म्हणाले. मला त्याचं काही वाटलं न्हाई. वाटायला मी जाग्यावर होतेच कुठं?

"एकोणतीस चोक सोळोत्तरशे."

ओरडावं वाटलं, जीभ टाळ्याला चिकटलेली. पाय उचलावा वाटलं, पाय माझा राहिलाच नव्हता. पाचावर धारण बसणं म्हणतात ना, ते म्हणायला लय सोपं हाय. ते माझ्या पायावर थांबलं. नुसतं थांबलं. त्याचं अंग फुगायलं, बसायलं, ते मला कातडीला कळत होतं. मनात म्हणायले, अवो, बघा. अवो, एकदा इकडं बघा. मग वाटलं, नका बघू, बघितलं तर हा भित्रा माणूस किंचाळंल अन् ते फणा काढंल. त्यांना अंधारात काही दिसत न्हाई, हेच बरं. असं मी माझं मलाच समजावलं.

"पाचा पंचेचाळासे." आईचं तोंड डोळ्यापुढं आलं. "सक..." पाठीवरून घामाची धार गेली अन् मला वाटलं दुसरं चढायलं. "साता..." तवा पायावरचं वजन उतरलं. शेपटीचं टोक करंगळीला लागून गेलं. कुठं गेलं? बघायचं कसं? मागं गेलं असलं तर? "आठा..." मी तशीच. "नव्वे..." मी तशीच. "दाहे." कट्ट.

"झालं! हल आता."

मी हलले न्हाई, खाली कोसळले. हे धावत आले, मला उचलून उन्हात आणलं, पाणी पाजलं. पाजताना निम्मं पाणी त्यांनी माझ्या लुगड्यावरच सांडलं.

"लांबडं," मी म्हणाले. "पायावरून गेलं."

"कुठं? न्हाई गं. भास झाला तुला. सुनसान हाय ना सगळं, भीती बसली मनात."

"अवो, थांबलं होतं माझ्या पायावर!"

"भास, विमल." माझे पाय आपल्या उपरण्यानं पुसले त्यांनी. असं कुणी बायकोचे पाय पुसतं का? मी त्या पुसण्यावर भाळले.

घरी आल्यावर मला ताप भरला. हे उशाशी बसून राहायचे, काढा करायचे, कपाळावर पट्ट्या ठेवायचे. सासूबाई म्हणाल्या, भासच. मावशीचा निरोप आला, भासच असंल. एवढी सगळी म्हणायलीत म्हटल्यावर मीबी म्हणायले, झाला असंल बाई भास. मात्र अंथरुणातून पाय खाली सोडताना दरवेळी आधी फरशी बघायची.

बरी झाल्यावर एका दुपारी यांनी हाक मारली. "चल, आपला चारठाण्याचा फोटो धुऊन काढू." दुकानाच्या मागं एक चिंचोळी खोली होती, दाराला काळा पडदा, आत लाल दिवा. तिथं फोटो धुताना ट्रे हलवायचं काम माझं. फोटो मोठा करायचा होता, म्हणून कागदावर उजेड पाडायलाबी एकोणतीसचाच पाढा लागला. हे एका सुरात म्हणत गेले. दुणे अठ्ठावन्न, त्रिक सत्त्याऐंशी, चोक सोळोत्तरशे. पाण्याच्या धारेसारखं. कागद ट्रेमध्ये सोडला. मी ट्रे हलवायले.

आधी खांब आला. मग खांबावरचं फूल, मग माझ्या लुगड्याचा काठ, मग मी. दगडासारखी स्पष्ट. पायाची बोटं मोजून घ्यावीत. अन् पायापाशी काही न्हाई. फरशी साफ.

"बघ," हे मऊ आवाजात म्हणाले, "हाय का कुठं लांबडं?"

"काळं होतं, अन् शेवटी हललंच. हललं ते गेलं," मी म्हणाले. "तुमीच सांगता." अन् तेवढ्यात माझ्या डोक्यात लख्ख झालं. "अवो, आत्ता तुमी त्रिक एकदाच म्हणालाव."

"मग?"

"देवळात दोनदा म्हणाला होताव."

मी ट्रे हलवायची थांबले.

"दिसलं होतं का तुमाला?"

"हो."

"कधी?"

"फटीतून निघालं तवाच." त्यांनी माझा हात धरला. "ओरडलो असतो तर तू दचकली असतीस, पाय हलला असता, डसलं असतं. पाढा चालू हाय तवर तू हलणार न्हाईस, मला ठाव होतं. म्हणून म्हणत राहिलो. किती भ्यालो होतो, तुला काय सांगू."

मला पटलं. अगदी पटलं. मी हललेच असते. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. या माणसाला आपण उगंच भ्यालो इतकी वर्षं, असं वाटलं. मग तो पाढा पुन्हा कानात वाजला, अन् पुढं गेला.

"सातालाच ते उतरलं," मी म्हणाले. "मग आठा, नव्वे, दाहे कशाला?"

"ते गेलं नव्हतं गं. तुझ्या मागंच होतं. नव्वेपर्यंत."

"मग तर मला सांगायचं! सावकाश पुढं ये म्हणायचं!"

हे फोटोकडं बघायले होते. माझ्याकडं न्हाई, ट्रेमधल्या माझ्याकडं.

"फोटो पुरा झाला नव्हता, विमल," ते म्हणाले. लय प्रेमानं म्हणाले.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. देवळात आला नव्हता एवढा. कागद अजून दुसऱ्या ट्रेमध्ये, पक्कं करायच्या पाण्यात, जायचा होता. त्याच्याआधी उजेड लागला की सगळं काळं होतं, एवढं मला इतक्या वर्षांत ठाव झालं होतं. मी त्यांचा हात सोडवला, पडदा ओढला अन् दार उघडलं. बाहेर भर दुपार.

"विमल! दार! अगं दार लाव!"

इतक्या मोठ्यानं ओरडले, की समोरच्या कापडदुकानातली माणसं काय झालं म्हणून रस्त्यावर आली. लग्नापासून मी त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता. छाती पिटायले, अंगानं ट्रे झाकायले, पुन्हा ओरडायले. कागदासाठी या माणसाला आवाज फुटला होता.

ट्रेमधली मी काळीठिक्कर पडेपर्यंत मी दार लावलं न्हाई.