लाफाएलेची टाकी आणि अक्काचे कान

लाफाएलेला कुठल्या कार्याला बोलवायचं असलं की आम्ही त्याला तासभर आधीची वेळ सांगतो. तरी तो पानं वाढून झाल्यावर उगवतो आणि वर विचारतो, "वहिनी, सुरू नाही ना झालं अजून?" त्याच्या स्वतःच्या लग्नात नवरी चर्चच्या पायरीवर बसून केळं खात होती आणि हा घरी बूट शोधत होता. नवरी म्हणजे आमची लांगी. ती ते केळं अजून विसरलेली नाही.

हा माझ्या नवऱ्याचा चुलतभाऊ. ऑकलंडमध्ये मांगेरेला आमच्या मागच्या गल्लीत राहतो. टायरच्या कारखान्यात त्याचा सगळा जन्म गेला. देह रेड्यासारखा, आवाज भोंग्यासारखा, पण कोंबडी कापायची वेळ आली की बायकोला हाक मारतो.

आणि नवल असं, की हाच माणूस लहानपणी आमच्या अख्ख्या गावाला वेळ सांगायचा.

आमचं गाव लोतोपुआ, सामोआत, अगदी समुद्राला टेकलेलं. चर्चसमोर बदामाचं मोठं झाड, आणि त्या झाडाला टांगलेली घंटा. घंटा म्हणजे वेल्डिंगच्या गॅसची रिकामी टाकी, बुडाकडून कापलेली. पितळेची होती म्हणे आजोबांच्या काळात, ती तडकली. मग कोणीतरी बंदरावरून ही टाकी आणली आणि तीच आमची घंटा झाली. लाफाएले तेव्हा पाळकांच्या घरी वरकामाला होता. पहाटे एकदा आणि दिवेलागणीला एकदा लोखंडी कांब घेऊन टाकी बडवायची, हे त्याचं काम. दिवेलागणीचा टोल झाला की माणसं घरात, डुकरं कुंपणात, तोंडं बंद, प्रार्थना सुरू. त्यानंतर रस्त्यावर जो दिसेल त्याची गावातले म्हातारे खरडपट्टी काढत.

लाफाएले त्या वेळी हमखास समुद्रात डुंबत असायचा. मग फुआतिनो ओरडायची, "अरे मेल्या, सूर्य बुडाला, तू कधी बुडणार?" फुआतिनो ही त्याची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा हिनेच त्याला वाढवलं. आम्ही सगळे तिला अक्काच म्हणतो.

पुढे आम्ही पोटामागे इकडे आलो. अक्का आली नाही. एकदा महिनाभर राहून गेली. जाताना म्हणाली, "तुमच्याकडे सगळं आहे, फक्त संध्याकाळ होत नाही. नुसता अंधार पडतो."

दोन हजार नऊ साली तिकडे भूकंप झाला आणि मागोमाग लाट आली. तेव्हा सामोआचं आणि आमचं घड्याळ एकच असायचं, वार मात्र वेगळा. आमचा बुधवार उजाडला की त्यांचा मंगळवार उजाडायचा. आम्ही फोनवर त्यांना चिडवायचो, "आम्ही तुमच्या उद्यात राहतो, काय हवं ते विचारून घ्या." त्या बुधवारी सकाळी रेडिओवर बातमी ऐकली, आणि आमचा उद्या कोणाच्या काही कामाचा नाही हे कळलं.

गावची सगळी माणसं आमच्या गॅरेजात जमतात. लग्न असो, मयत असो, गॅरेजच. मी दार वर सरकवलं तर बाहेर लाफाएले उभा. अनवाणी. सगळ्यांच्या आधी. मला भीती वाटली ती तेव्हा. हा माणूस वेळेवर आला म्हणजे जगात काहीतरी फार बिघडलं असणार.

दिवसभर फोन लागेना. कोणी भजन म्हणत होतं, कोणी नुसतं बसलं होतं. मी भात टाकत राहिले, कारण हातांना दुसरं काही सुचत नव्हतं. दुपार कलल्यावर लाफाएलेच्या खिशात फोन वाजला. पाळकांचा मुलगा डोंगरावरच्या मळ्यातून बोलत होता. जमीन हलली तसं कोणीतरी धावत जाऊन टाकी बडवली, थांबलंच नाही बडवायचं, आणि गाव डोंगराकडे पळालं. सगळे पोचले नाहीत. त्यांची नावं मी इथे लिहीत नाही. ती आम्ही दर रविवारी घेतो.

मग तिकडे अक्काने त्या मुलाच्या हातातून फोन ओढला. "कोण, लाफाएले? तू एवढ्या लवकर उठलास?"

"अक्का, दुपार झालीय गं."

"तरीच!"

गॅरेजात जे हसू फुटलं त्यातच रडणं होतं. लाफाएलेने फोन छातीशी धरला आणि तसाच खाली बसला. तिकडून अक्का ओरडत होती, "बोल की! का पुन्हा समुद्रात गेलास?"

त्यानंतर मदत गोळा करायची धांदल सुरू झाली. आमच्या चर्चमध्ये कोणी काय दिलं ते मोठ्याने वाचून दाखवतात, त्यामुळे कोणीच मागे राहत नाही. तांदूळ, मांसाचे डबे, ताडपत्र्या, कुदळी आल्या. एका बाईने जाडजूड लोकरी कोट दिले. मी म्हटलं, "बाई गं, तिथे माणसं उघडी बसूनही घामाने भिजतात." ती म्हणाली, "डोंगरावर गेलीत ना? डोंगरावर थंडी असते." कोट गेले. पुढे कळलं की तिकडे त्यांच्या झकास गाद्या झाल्या.

पण लाफाएलेचं लक्ष यात नव्हतं. गावाने आता वर मळ्यातच राहायचं असं म्हाताऱ्यांनी ठरवलं होतं. अक्काही वर राहत होती, पण दिवस कलला की काठी टेकत खाली जायची आणि चर्चच्या उरलेल्या पायरीवर एकटी बसून प्रार्थना करायची. जमिनीचे धक्के अजून थांबले नव्हते. तिचे गुडघे असे, की उतरायला लागे त्याच्या तिप्पट वेळ चढायला. लाट काही तिच्यासाठी थांबणार नव्हती.

लाफाएले रोज फोन करून विनवायचा. "अक्का, वरच बस ना. देव काय, वरही ऐकतो."

"देव ऐकतो रे. पण मला संध्याकाळ झाल्याचं कळायला नको? इथे एक घर प्रार्थनेला बसतं तेव्हा दुसरं जेवत असतं, तिसऱ्याची पोरं बोंबलत असतात. हे गाव नाही, ऑकलंड झालंय."

"मग काय करू मी?"

"टोल वाजेल तिथे गाव. टोल नाही तो नुसता मळा. मी म्हातारी मळ्यात डुकरासारखी झोपणार नाही. घंटा वर आणा, मी वर बसते."

बदामाचं झाड आणि टाकी, दोन्ही समुद्राने नेली होती.

लाफाएलेने ही गोष्ट चर्चमध्ये उभं राहून सांगितली, आणि सांगताना एवढा मोठा माणूस हुंदके द्यायला लागला. जवळच्या गोऱ्यांच्या चर्चला ते कळलं. त्यांनी माळ्यावरची पितळी घंटा काढून दिली, अगदी घासूनपुसून. आम्ही फोनवर अक्काला ऐकवली.

"ही आइस्क्रीमची गाडी का दाराशी आलीय?" अक्का म्हणाली.

"घंटा आहे ही, अक्का! खरी घंटा!"

"लहान पोरं येतील हिच्याने. गाव येणार नाही."

मग लाफाएले भंगाराच्या दुकानांमागे लागला. हातात कांब घेऊन जायचा, रिकाम्या टाक्या बडवायचा, डोळे मिटून ऐकायचा. एक मालक म्हणाला, काका, घ्यायची तर घ्या, माझ्या कुत्र्याला वेड लागेल. चांगल्या वाटल्या त्या टाक्या कापून आणून त्याने आमच्या परसात झोपाळ्याच्या कमानीला टांगल्या.

आता भांडण लागलं ते आमचंच. प्रत्येकाला गावची घंटा आठवत होती, आणि प्रत्येकाला वेगळी. माझा नवरा म्हणे, ती घुमायची, घूंऊऊ. लांगी म्हणे, छे, खणखणीत होती, ठण्ण. मला विचाराल तर तिचा आवाज कसा होता ते मला सांगता येत नाही. ती वाजली की हातातलं काम खाली ठेवावंसं वाटायचं, एवढं आठवतं.

शेजारचा विलिआमी टोंगा बेटांवरचा. त्याने कुंपणावरून डोकं काढलं. "वहिनी, तुम्ही सामोअन लोकांना बोलावताय का हाकलताय?"

"तुला बोलावलेलं नाही, तू आलास ना? म्हणजे चालते घंटा."

"आमच्या टोंगात लाकडाचा ढोल असतो. असं डोकं उठत नाही."

"म्हणूनच तुम्ही अजून झोपलेले आहात," लाफाएले म्हणाला. विलिआमी हसत हसत कुंपण ओलांडून आला आणि कांब धरायला लागला. दोघांनी मिळून शनिवारी सगळ्या टाक्या फोनवर अक्काला ऐकवल्या. तिकडे शुक्रवार होता, आणि मळ्यातली निम्मी माणसं फोनभोवती गोळा झाली होती.

पहिली वाजली. "पातेलं," अक्का म्हणाली.

दुसरी. "पातेल्याचं झाकण."

तिसरी जरा बरी होती. तिकडून दोघंतिघं म्हणाले, हीच, हीच! अक्का म्हणाली, "गप्प बसा रे, तुम्ही तेव्हा जन्मला तरी होतात का? नाही. ही कोणाच्या तरी मयताला वाजतेय."

लाफाएलेचा घाम निथळत होता. त्याने तिसरी पुन्हा वाजवली, सावकाश, मान देऊन, चर्चमध्ये पाळक वाचतात तशी. अक्का नाहीच म्हणाली. तिसऱ्यांदा वाजवली. नाही. दिवस कलत आला. तिकडे पाळकांचा मुलगा म्हणाला, काका, अक्का उठली, काठी शोधतेय.

"अक्का, थांब! जाऊ नकोस!" लाफाएले ओरडला. "यापेक्षा चांगली मी कुठून आणू? सगळं ऑकलंड बडवून झालं!"

अक्का फोनजवळ आली. आवाज एकदम मऊ. "टाकीत काही खोट नाही रे. वाजवणारा म्हातारा झालाय. आमची घंटा कशी वाजायची ठाऊक आहे ना? तू ओल्या लुंगीत धावत यायचास, सूर्य कधीच बुडालेला, पाळक दारात उभे. तशी वाजव. उशीर झाल्यासारखी."

लाफाएलेने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बघतोस काय? तुझ्याइतका सराव कोणाला आहे?"

तो परसाच्या पार टोकाला, लिंबाच्या झाडाशी गेला. तिथून तो देह धावत सुटला, धापा टाकत आला आणि थांबायच्या आधीच त्याने टाकीवर कांब हाणली. दोन ठोके एकमेकांवर आदळले, तिसरा चुकून कडेला लागला, मग एक लांब, जीव टाकल्यासारखा.

माझ्या हातात सोलायला घेतलेला अळूचा कंद होता. तो मी खाली ठेवला. लांगीने पदर, म्हणजे खांद्यावरचा टॉवेल, डोक्यावर घेतला. नवऱ्याने हात जोडले.

मग अक्का म्हणाली, "हं. ही पाठव. आणि वाजवणाराही पाठव, इथली पोरं फार वक्तशीर झालीत."

टाकी कंटेनरमधून गेली. ती समुद्रात आणि अक्का समुद्राकाठी, तेवढे आठवडे लाफाएले नीट जेवला नाही. टाकी पोचल्याचं कळल्यावर तो विमानाने गेला. विमानतळावर त्याचं नाव पुकारलं जात होतं, शेवटची हाक म्हणून, तेव्हा तो मला विचारत होता की वहिनी, माझा चष्मा कुठाय? तो डोळ्यांवरच होता.

टाकी टांगायच्या दिवशी आम्ही सगळे गॅरेजात जमलो. विलिआमीही आला. फोन मधोमध टेबलावर. पाळकांचा मुलगा मळ्यातून सांगत होता, "टाकी नीरफणसाच्या झाडाला लटकवताहेत. सूर्य टेकला. अक्का खाली पायरीवर जाऊन बसलीय. म्हणाली, ऐकू आल्याशिवाय चढणार नाही."

"मग वाजवा की!" लांगी म्हणाली.

"काका गाठ मारताहेत. सुटली. पुन्हा मारताहेत."

"याच्या लग्नातही असंच झालं होतं," लांगी पुटपुटली. तिने माझा हात धरला होता.

"सूर्य बुडाला," फोन म्हणाला.

आम्ही वाट पाहिली. तिकडे कुत्रं भुंकलं. कोणीतरी शिडीवरून घाईने उतरल्याचा, पाय घसरल्याचा, आणि प्रार्थनेच्या वेळी तोंडात येऊ नये असा एक शब्द ऐकू आला. आणि मग टोल. दोन ठोके एकमेकांवर, एक कडेला, एक लांब.

मळ्यातला गलबला एकदम थांबला. पोरं गप्प. भांडी गप्प. आमच्या गॅरेजातही कोणी हलेना. विलिआमीने टोपी काढली. फोनमधून नुसता वारा येत होता, आणि बराच वेळ दुसरं काही नाही.

मग फार लांबून काठीचा आवाज येऊ लागला. टक. थांबली. टक. दम खाल्ला. टक. जवळ आली, आणखी जवळ आली. टोल झाल्यावर बोलायचं नसतं, हे सगळ्या गावाला ठाऊक, आणि मोडायचा हक्क फक्त एकीला.

"आजसुद्धा उशीर!" अक्का म्हणाली. "सरक तिकडे, मला बसू दे."