शालनकाकूंच्या वेबसाइटवरची न उघडलेली पत्रं

मित्रहो, आज मान खाली घालून लिहितोय.

गेल्या वर्षी रत्नागिरीत लघुउद्योजकांच्या सभेत टेबलावर मूठ आपटून मीच गरजलो होतो, "वेबसाइट काढा, जगाला विका!" फणसपोळी करणाऱ्या शालनकाकूंनी ते मनावर घेतलं आणि वेबसाइट काढली.

आज बाजारात भेटल्या. "काय रे भाषणवाल्या, तुझ्या त्या वेबसाइटवरून एक गिऱ्हाईक दारात आलं नाही!"

"वेबसाइटवर आलेली ईमेल कोण बघतं, काकू?"

"ते रोज बघायचं असतं? मला वाटलं, दुकानाची पाटी लावली की झालं."

त्यांना तसंच सायबर कॅफेत नेलं. न उघडलेली पत्रंच पत्रं. एक अमेरिकेतल्या मुलीचं, "आईचं माहेर रत्नागिरी. ती फार आजारी आहे, फणसपोळी मागते. पाठवाल का?"

महिन्याभराने तिचंच दुसरं, "आता नको. आई गेली."

"डबा भरलेला होता रे घरात," काकू म्हणाल्या.

मी काकूंना वेबसाइट काढायला लावली. हाकेला ओ द्यायला शिकवलं नाही. त्या मुलीला आता उत्तर लिहायचंय. तुम्ही काय लिहिलं असतं?