राखेतली पावलं

सिंह म्हातारा झाला, आजारी पडला आणि गुहेत निजून राहिला. एकेक जनावर त्याच्या समाचाराला गेलं. कोल्हा मात्र दारातच थांबला, कारण आत गेलेली पावलं पुष्कळ होती, बाहेर आलेलं एकही नव्हतं. ही गोष्ट माझ्या आत्याची. ती माझ्या बापाची थोरली बहीण, लवकर विधवा होऊन आमच्याकडे आलेली. गोष्ट संपली की माझा कान धरायची आणि म्हणायची, "आत गेलेली पावलं कुणीबी बघतं, पोरी. भाईर आलेली बघावीत." कान चांगलाच दुखायचा.

त्या साली गावात उंदीर पटापट मरून पडू लागले. मुलूख निजामाचा. वरून हुकूम आला, डफ वाजला, आणि सगळं गाव घरांना कड्या लावून शिवारात गवताच्या झोपड्या, कोप्या, घालून राहिलं. गाठीच्या तापाचं नावसुद्धा कुणी मोठ्याने घेत नसे. रिकाम्या गावात चोर शिरला तर कळावं म्हणून वेशीत राख पसरलेली होती. मारुती अंधारात राहू नये म्हणून रोज एका घरचं माणूस दिवस मावळायच्या आत जाऊन दिवा लावून यायचं आणि बाहेर पडताना राख पुन्हा सारखी करायचं. आत रेंगाळेल त्याला कोप्यांत घ्यायचं नाही, असं पाटलाने बजावलं होतं.

आमची पाळी आली त्या दिवशी बा नेकनूरच्या बाजाराला गेला होता. मायच्या मांडीवर तान्हं. मग आत्याच तेलाची वाटी घेऊन निघाली आणि सोबतीला मला वेशीपर्यंत घेऊन गेली.

"राख वलांडायची न्हाई," ती म्हणाली. "मी आत्ता येते."

ती राखेतून आत गेली. तिची अनवाणी पावलं स्वच्छ उमटली. मी बसून राहिले. आधी मजा वाटली, मग कंटाळा आला, मग माझी सावली लांब होत राखेपर्यंत पोचली आणि मला भीती वाटायला लागली. आत कुठेतरी एक कवाड वाऱ्याने आपटत होतं. मेलेल्या उंदरांचा वास येत होता. मी "आत्या, आत्या" करून हाका मारल्या. ओ आली नाही. राखेकडे पाहिलं, तर सगळी पावलं आत जाणारी. गोष्टीतला सिंह आमच्याच गावात येऊन निजलाय, याबद्दल मला तिळमात्र शंका उरली नाही. मी बोंबलत कोप्यांकडे पळाले.

बा नुकताच बाजारातून आला होता. माणसं जमली. पाटील म्हणाला, "ताप भरला आसंल तिला. तू आत गेलास तर तुलाबी घेनार न्हाई. लेकराबाळांचा इचार कर." त्यात खोटं काही नव्हतं. माय तान्ह्याला घट्ट धरून उभी राहिली.

बा वेशीकडे निघाला. मी मागून धावत जाऊन त्याच्या धोतराला लोंबकळले. "बा, जाऊ नगंस! भाईर आलेलं एकबी पाऊल न्हाई!"

त्याने माझी बोटं एकेक करून सोडवली. "कोल्ह्याचं आत कुनी नव्हतं, पोरी," तो म्हणाला आणि राख ओलांडून गेला.

अंधारून आलं तेव्हा तो आत्याला पाठुंगळी घेऊन बाहेर आला. देवळाच्या पायरीवरून घसरून तिचा पाय मोडला होता. पाटलाने शब्द पाळला. दोघांना ओढ्यापलीकडे वेगळी कोपी घालून दिली.

सकाळी मी वेशीत गेले. दोन्ही हात गुंतलेले, त्यामुळे बाला राख सारखी करता आली नव्हती. आत दोघांची पावलं गेलेली, बाहेर एकाचीच आलेली, तीही खोल रुतलेली. एक पोरगं लांबून ओरडलं, "तुझी आत्या आतच राह्यली गं!" राख तर तेच सांगत होती. मी त्याला ढेकूळ फेकून मारलं.

माय ओढ्याकाठच्या दगडावर भाकरी ठेवून मागे सरायची. बा कोपीतून बाहेर येऊन भाकरी उचलेपर्यंत आम्ही दोघी श्वास धरून बघायचो. एकदा त्याला यायला उशीर झाला, तेव्हा माय मटकन खालीच बसली.

दोघांनाही गाठ आली नाही. पाऊस पडल्यावर गाव पुन्हा भरलं. आत्या लंगडत घरी आली आणि मी हट्ट केला म्हणून तीच गोष्ट सांगायला बसली. सिंह निजला, जनावरं गेली, कोल्हा दारात थांबला. तिने सवयीने माझा कान धरला. समोर बा बैलाला कडबा टाकत होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. कान तिच्या हातातच होता, पण पुढचं काही तिला बोलता येईना.