आत्याच्या पित्ताशयाचा शिरा

चहा जरा कडक द्या. ही गोष्ट सांगायला बसले की तोंडात अजून तूपच येतं. आणि कोणाला हसायचं ते आधीच सांगते, यातली शहाणी मीच आहे.

निडीची माझी आत्या. वर्षभर जेवण झालं की उजव्या बरगडीखाली कळ. दोनदा पेणला नेऊन सोनोग्राफी केली, एक खडा निघेल तर शपथ. घरातल्या वडीलधाऱ्यांनी निकाल देऊन टाकला: पित्त आहे, कोकम प्या. तिचे यजमान, आमचे काका, त्याहून पुढचे.

"बरोबर भांडी घासायच्या टायमालाच कशी कळ येते? नाटकं सगळी. या खेपेला काय निघालं नाय, तर परत पेणचं नाव काढायचं नाय."

माझंच पित्त खवळलं. तिला पेणच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या सावकाश म्हणाल्या, "खडा नसला तरी पित्ताची पिशवी आळशी असू शकते. जेवल्यावर ती आकसून पित्त बाहेर ढकलते. यांची आकसत नसेल. परवा उपाशीपोटी आणा, आणि..."

"कळलं, कळलं," म्हणत मी उठलेसुद्धा. म्हाताऱ्यांचं पाल्हाळ मला सोसत नाही, आणि बाई साठीच्या होत्या. आत्या मात्र मागे रेंगाळली.

ठरल्या दिवशी सकाळी मी रोह्याहून गाडीत बसले, निडीला आत्या चढली. काखेत स्टीलचा डबा. उघडून बघते तर शिरा, तुपात बुडालेला.

"आत्या, उपाशी यायचं सांगितलंय ना?"

"उपाशीच हाय गो. डाक्टरीण बोलली, तुपाचा शिरा घेऊन ये."

"पित्ताच्या पेशंटला तूप? तुला ऐकू कमी येतं."

"तुला लई येतं."

डबा समोर राहिला तर हिचा हात जाणार. फेकायचा तर अन्न टाकवत नाही. मग काय, नागोठणं यायच्या आत सगळा शिरा मीच संपवला. आत्या खिडकीबाहेर बघत राहिली.

पेणला पहिली सोनोग्राफी झाली. बाई म्हणाल्या, "आता यांना शिरा खाऊ द्या. तूप पोटात गेलं की पाऊण तासाने परत बघू, पिशवी किती आकसली ते."

मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले.

"शिरा हिच्या पोटात हाय," आत्या म्हणाली.

"मग तुमचीच पिशवी बघायची का?" बाईंनी मला विचारलं. "लवकर काय ते करा, मी दुपारी नसते."

धावत कोपऱ्यावरचं हॉटेल गाठलं. "शिरा द्या. वर अर्धी वाटी तूप."

"एवढं? कोणाला?"

"पित्ताच्या पेशंटला."

हॉटेलवाल्याचा डाव हवेतच राहिला. "सासू काय, ताई?"

आत्याने शिरा खाल्ला. अर्ध्या तासात तीच कळ. दुसऱ्या सोनोग्राफीत पिशवी जवळजवळ होती तेवढीच. बाई म्हणाल्या, "मुंबईला अजून एक तपासणी करू, मग ऑपरेशनचं ठरवू. पण दुखणं खरं आहे."

आत्या बरगडी दाबून धरून हसली. "तेवढं लिहून द्या. ह्यांना दाखवायचंय."

संध्याकाळी काकांनी तो कागद तीनदा वाचला आणि मुकाट्याने आपलं ताट घासायला घेतलं. मी कॉलर ताठ करणार, तेवढ्यात त्यांनी मोरीतून विचारलं, "म्हंजे आळशी काय हाय नक्की?"

"पिशवी माझी," आत्या म्हणाली, "आन् कान हिचे. पिशवीला ऑपरेशन तरी हाय."