इंद्रजितची पिछाडी

ग्रामसभेत जगन रणपिसे यांनी वस्तीच्या रस्त्याचं विचारलं, तेव्हा इंद्रजितनं सगळ्यांदेखत त्यांच्या कानाखाली वाजवली. मार्गासनीच्या पुढची ती वाडी. इंद्रजित तिथला पुढारी, जगनच्या निम्म्या वयाचा. कुणी हूं की चूं केलं नाही. पोलिसांत जायचं नाही, असं बायकोला, छायाला, बजावून जगन दुसऱ्या दिवशी पुण्याला लेकाकडं गेले, ते तिथंच राहिले.

छाया रडली नाही. तिनं ते पोटात ठेवलं.

लोकसभेचा प्रचार सुरू झाला तसा इंद्रजित दारात आला. "काकी, झालं गेलं विसरा. वाडीनं लीड दिलं तर झेडपीचं तिकीट मलाच हाय."

"मग देऊ की," म्हणत तिनं त्याच्या पक्षाचं उपरणं गळ्यात घातलं. त्याच्या सभेला बायका नेल्या, घोषणा दिल्या. आणि ज्या अंगणात कुरडया घालायच्या, तिथं बसून साचा फिरवता फिरवता म्हणायची, "बापाच्या वयाच्या माणसावर ज्यानं हात टाकला, त्याला आणखी मोठा करायचा का? तुमच्याबी घरात म्हातारी माणसं हायेत."

बायका खाली बघायच्या. त्या दिवशी ग्रामसभेत त्याही गप्प बसल्या होत्या.

निकालाच्या दिवशी छाया भोरला गेली. इंद्रजितचाच उमेदवार निवडून आला! गुलाल उधळला. उघड्या जीपमध्ये उमेदवाराच्या भावाशेजारी इंद्रजित नाचत होता. छाया गर्दीतून वाट काढत जीपजवळ आली. तेवढ्यात उमेदवाराच्या भावाच्या मोबाईलवर गावागावांचे आकडे आले. त्यानं इंद्रजितचा दंड धरला.

"सगळीकडं पुढं, आन् तुझ्याच वाडीत पिछाडी? उतर खाली."

इंद्रजित उतरला. समोर छाया उभी. "काकी, कुणी केलं ओ हे?"

"म्या." तिनं उपरणं काढून त्याच्या खांद्यावर टाकलं. "माझ्या माणसाला गाव सोडाय लावलंस. तू न्हाई सोडायचं. हितंच ऱ्हायचं, सगळ्यांच्या डोळ्यापुढं."

तिकीट दुसऱ्याला गेलं. दिवाळीला जगन परतले, पण अजून चावडीकडं फिरकत नाहीत. "कशाला वैर वाढवलंस?" म्हणतात. गिरणी घराच्या मागंच आहे, तरी छाया डोक्यावर दळण घेऊन वळसा घालते आणि इंद्रजितच्या दारावरून, सावकाश, जाते.