पास झाल्याचे पेढे

आमच्या न्हाणीघराच्या दाराशी एक निळा ड्रम आहे. गच्चीवर टाकी आहे, मोटर आहे, तरी ड्रम आहेच, कारण या शहराच्या नळाचा भरवसा धरणारा माणूस येडाच म्हणायचा. मी जन्मभर पाटबंधारे खात्यात कारकुनी केली. त्यावरून शेजारीपाजारी टोमणे मारतात. मारू द्या.

एका सकाळी बायको त्या ड्रमजवळ दगड घेऊन उभी होती. तिनं दगड वाजवला, ऐकलं, पुन्हा वाजवला. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "अहो, ह्यो काय म्हणतोय?"

मला आधी हसू आलं. मग ते हसू तिथंच विरलं. कारण ड्रम काय म्हणतो हे सबंध गल्लीला शिकवलं होतं ते हिनंच.

आम्ही प्लॉट घेतला तेव्हा आमचं औरंगाबाद लगतच्या साताऱ्याच्या डोंगराकडं नुसतं सुटलं होतं. जिकडं बघाल तिकडं खुंट्या अन् चुन्याच्या रेषा. रस्ता नाही, नळ नाही. कोणी सिल्लोडकडचं, कोणी अजिंठ्याकडचं, आम्ही लासूर स्टेशनकडचे, कोणाची कोणाशी ओळख नाही. त्यात दुष्काळ पडला. बोअर आटले. टँकर आला की हाणामारी ठरलेली. बायांनी एकमेकींच्या झिंज्या धरलेल्या मी या डोळ्यांनी पाहिल्यात.

माझी बायको शाळेत गेली ती जेमतेम दुसरीपर्यंत. पुढं लहानपणीच्या त्या मोठ्या दुष्काळात आईबरोबर खडी फोडायला गेली, ती परत शाळेत गेलीच नाही. सही करते, पण अक्षरं अशी की चेकवर बँकवाले दोनदा बघतात. तर या बाईनं काय करावं? घरोघर जाऊन सांगितलं, ज्यानं त्यानं आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी आपल्या ड्रमला बांधायची. अन् ड्रम ठेवून बिनधास्त कामाला जायचं. टँकर आला की ही एकटी उभी. मागच्या खेपेला कोण राहिलं, कोणाच्या घरी पाहुणे आलेत, कोणाची बाळंतीण आहे, सगळं डोक्यात. कोणी खोटं बोललं तर पुढच्या खेपेला त्याचा ड्रम आपोआप मागं जायचा. टँकरवाला अर्धं पाणी वाटेत विकून यायचा. हिनं दगड घेतला, टाकीवर खालून वर वाजवत गेली अन् एका जागी थांबली. "हितवर हाय. वरचं कुठं ओतून आलास रे?" तो कानाला हात लावून म्हणाला, "अम्मा, कान है के मीटर है?"

भांडणं बंद झाली. गल्लीतल्या बायका तिच्याकडून शिकून आपापले ड्रम, सिलिंडर वाजवून बघायला लागल्या. हे सगळं आता कोणाला आठवतंय? ती घरं विकली गेली, तिथं चार-चार मजले उठले. जुनी माणसं कोणी मेली, कोणी पोरांकडं गेली. जिन्यात भेटतात ती नवी, अन् त्यांच्यासाठी ही फक्त समोरची काकू.

पुण्याच्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, आई पहिल्यापासून तशीच आहे हो. शिकलेली नाही, त्यामुळं गोंधळते. तुम्ही टेन्शन घेऊ नका." त्याचा राग नाही. तेव्हा तो एवढासा होता, टँकर आला की मागनं गळणाऱ्या पाण्यात नाचायचा. पण फोन ठेवल्यावर मला फार एकटं वाटलं. ती काय होती हे माहीत असलेला माणूस जगात मी एकटाच उरलो होतो. त्यामुळं ती काय गमावतेय, ते दिसणाराही मीच.

शेवटी डॉक्टरांची वेळ घेतली. "परीक्षा घेणारेत तुझी," असं मीच चेष्टेनं बोलून गेलो. तिनं ते खरं धरलं. लग्नकार्यातली इरकल नेसली, केस चापूनचोपून बसवले. रिक्षात हळूच विचारलं, "तोंडी हाय का लेखी?"

"दोन्ही."

"मंग मेलेच मी," म्हणाली, अन् तोंडाला पदर लावून हसली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला गोड. त्यांनी विचारलं, हे कोणतं शहर? ही म्हणाली, "औरंगाबाद." मग माझ्याकडं बघून, "नाय नाय, संभाजीनगर." मी म्हणालो, "मॅडम, यात अर्धं शहर नापास होईल." त्या हसल्या. आज वार कोणता? "पाणी परवा यायचंय," ही म्हणाली. तिचा वार तसाच असतो, ते चालण्यासारखं होतं. पण मग त्यांनी तीन शब्द सांगितले, थोड्या वेळानं परत विचारले, अन् हिला एकही आठवेना. घड्याळ काढायला पेन्सिल दिली तर तिनं ती लाटण्यासारखी मुठीत धरली. गोल काढला आणि थांबली. मला वाटलं, पेन्सिल हिसकावून आपणच काढून द्यावं.

डॉक्टरीणबाईंनी कागद बाजूला सारला. "काका, मार्क कमी आहेत. पण शाळाच झालेली नाही, तर मार्क कमी पडणारच. नुसत्या कागदावरून मला ठरवता येत नाही. तुम्ही सांगा, चाळिशी-पन्नाशीत कशा होत्या? पहिल्यापासून अशाच असतील तर फार काळजीचं नाही. पण तेव्हा हुशार असतील, तर मात्र ही सुरुवात आहे."

झालं. सगळं माझ्या एका शब्दावर आलं. साधीच होती म्हणालो की सुटलो. हिला घेऊन घरी जायचं, मुलाला कळवायचं की तू म्हणालास तेच खरं. खरं सांगतो, तोंडात शब्द आले होते. ही माझ्याकडं टक लावून बघत होती, निकालाला उभी असल्यासारखी.

मग डॉक्टरीणबाईंनीच मदत केली. "म्हणजे साध्याच असतील ना? आपलं घरकाम, स्वयंपाक, एवढंच?"

माझं टाळकं सटकलं. त्या बिचारीचा काय दोष, पण सटकलं. "साधी? अहो, साधी कुणाला म्हणता?" असं म्हणून मी जो सुरू झालो. चिंध्या सांगितल्या, दगड सांगितला, टँकरवाल्याचा मीटर सांगितला. आमच्या साहेबाला अख्ख्या तालुक्याचं पाणी वाटता आलं नाही ते हिनं एका गल्लीत वाटून दाखवलं, असंही म्हणालो. आवाज चढला होता. बाहेरचा पेशंट दार उघडून डोकावला.

मी बोलत गेलो तशी ही फुलत गेली. पाठ ताठ झाली, पदर सारखा केला, मधे एकदा "इश्श, पुरे की," म्हणाली. समोर डॉक्टरीणबाईंचा चेहरा मात्र उतरत गेला. त्या लिहीत होत्या. मी जितकं चांगलं बोलत होतो तितकं तिचं वाईट लिहिलं जात होतं. कळत होतं मला. पण थांबता येईना.

बाहेर आल्यावर तिनं माझी बाही धरली. "पास ना?"

काय सांगणार होतो, कप्पाळ? "पास," म्हणालो.

तिनं गुलमंडीवर रिक्षा थांबवायला लावली अन् पेढे घ्यायला लावले. आमच्यात पास झालं की पेढे वाटतात. मुलाचे वाटले, सुनेचे वाटले, तिचे कधी वाटायची वेळच आली नव्हती. हिशेबानं बरोबर होतं तिचं. पुडा तिनं मांडीवर दोन्ही हातांनी धरला. मी रस्त्याकडं तोंड करून बसलो, कारण डोळ्यातलं पाणी काही केल्या थांबेना.

घरी येऊन चहासुद्धा न घेता ती समोरच्या दारी गेली. "पेढा घे गं. मी पास झाले." मग वरच्या मजल्यावर गेली. खाली आली, थोडा वेळ टेकली, अन् पुडा उचलून पुन्हा समोरच्या दारी. मी आतून ऐकत होतो. ती पोरगी चांगल्या घरची, पहिल्यांदाच ऐकल्यासारखी म्हणाली, "अरे वा काकू! कशाचे?" दुसरा पेढाही तिनं घेतला.

दिवेलागणीला मी ड्रमशेजारी खुर्ची टाकून बसलो होतो. ही आली, परक्या माणसापुढं धरावा तसा पुडा माझ्यापुढं धरला.

"घ्या. मी पास झाले."

मला वाटलं चेष्टा करतीय. तोंडाकडं बघितलं. चेष्टा नव्हती.

"अरे वा," मी म्हणालो. "कसं काय जमवलं?"

"व्हता तिथं एक जण," ती म्हणाली. "लई चांगलं बोलला माझ्याबद्दल."

मी पेढा घेतला.